समस्या: बंडाची मोहीम तिसऱ्या बैठकीतच संपते

गेल्या तीन वर्षांत आमच्या गटाने टेबलावर, छोट्या सैनिक-पुतळ्यांच्या युद्धखेळात, बंडाची मोहीम (एकमेकींना जोडलेल्या लढायांची मालिका) चार वेळा मांडली आणि चारही वेळा तेच झालं. पहिल्या बैठकीला सगळे हजर, नकाशाभोवती गर्दी, चहा निवेपर्यंत खलबतं. दुसऱ्या बैठकीत बंडवाल्यांनी एक ठाणं मारलं. तिसरीत दोन्ही बाजूंनी होती नव्हती ती शिबंदी एकाच लढाईत ओतली, कुणीतरी जिंकलं, आणि चौथ्या बैठकीला यायला कुणाला कारणच उरलं नाही. पाचव्यांदा मांडलेली मोहीम आता नवव्या बैठकीत आहे आणि अजून जिवंत आहे. मधे काय बदललं ते इथे सविस्तर लिहितो. मिनिएचर, म्हणजे ते छोटे पुतळे, घेऊन एकेकटी लढाई खेळणं सोपं आहे, पण असंतोष, उठाव, दडपशाही असं काही मोहिमेत आणलं की बहुतेकांचा गाडा इथेच रुततो, हे मी बऱ्याच जणांकडून ऐकलंय.

आधी आमची मांडणी. बेळगावात वडगावच्या एका माडीवर आम्ही सहा जण महिन्यातून एका रविवारी जमतो. टेबल सहा फूट बाय चार फूट, फिगर (पुतळे) २८ मिलिमीटरच्या. ईस्ट इंडिया कंपनीचे शिपाई विकत आणलेले आहेत. गडकरी, म्हणजे किल्ले सांभाळणारे, मात्र तयार मिळत नाहीत, म्हणून आमच्यातला एक जण, जो उद्यमबागेत पॅटर्न शॉपमध्ये (ओतकामाचे नमुने बनवतात तिथे) काम करतो, त्याने तीन नमुने कोरले आणि सिलिकॉन रबराच्या साच्यात कथलाच्या मिश्रधातूचे ओतले. ढाल-तलवारवाला, तोड्याची बंदूक घेतलेला आणि एक नुसती काठी धरून उभा असलेला. दिवाळीच्या किल्ल्यावर पोरं मांडतात ते मातीचे मावळे टेबलासाठी फार मोठे पडतात, पण नकाशावर म्होरक्या कुठे आहे हे दाखवायला त्यांच्यासारखं दुसरं काही नाही. लांबूनही ओळखू येतात.

विषय आम्ही १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडाचा घेतला. तो आमच्या दाराशीच घडलेला आहे. कोल्हापूर संस्थानातले गडकरी पिढ्यान्‌पिढ्या किल्ले सांभाळायचे आणि त्याबद्दल मिळालेल्या जमिनी कसायचे. त्या जमिनींचा कारभार मामलेदारांकडे गेला, आता आपलं वतन जाणार अशी धास्ती पसरली, आणि त्या वर्षी पावसाळ्यात सामानगड आणि भुदरगडाचे दरवाजे बंद झाले. कंपनीची फौज गेली ती बेळगावच्या छावणीतून. १३ ऑक्टोबर १८४४ ला सामानगड पडला. पण बंड तिथे संपलं नाही. ते कोल्हापुरात गेलं, पन्हाळ्यावर गेलं, कंपनीचा कर्नल ओव्हान्स बंडवाल्यांच्या हाती लागून पन्हाळ्यावर कैदेत पडला, आणि १ डिसेंबरला पन्हाळा घेतल्यावरही सावंतवाडीकडची धग तशीच होती. या तारखा नीट लक्षात ठेवा, दुरुस्ती त्यांच्यातच सापडली.

आजचं राजकारण आम्ही टेबलावर आणत नाही, हेही आधीच सांगून ठेवतो. आमच्यातल्या एकाच्या घरी १ नोव्हेंबर सीमावादाचा काळा दिन म्हणून पाळतात आणि दुसऱ्याच्या घरी त्याच दिवशी कर्नाटक राज्योत्सवाचा झेंडा लागतो. दोघेही एकाच ताटलीतली भजी खात खेळतात. ज्या गोष्टीसाठी जवळच्या माणसांनी मार खाल्लाय, तिच्यावर फासे टाकायला सांगणं मला माणुसकीचं वाटत नाही. पावणेदोनशे वर्षांपूर्वीचं बंड घेतलं की दोघांनाही आपला गाव नकाशावर दिसतो आणि दोघेही मोकळेपणाने भांडतात.

खोट कुठे होती

पहिल्या चार मोहिमांत आम्ही बरीच वरवरची डागडुजी करून पाहिली. बंडवाल्यांना जास्त माणसं दिली. घटनांचे पत्ते वाढवले. कंपनीच्या तोफा कमी केल्या. काही उपयोग झाला नाही. शेवटी मी जुनी वही काढून प्रत्येक बैठकीचे आकडे एका पानावर ओळीने लिहिले, तेव्हा रोग दिसला.

आमच्याकडे असंतोषाचा एकच आकडा होता, शून्य ते वीस. सुरुवात दहापासून. वीसला बंड यशस्वी, शून्याला बंड मोडलं. लढाई जिंकणाऱ्याने एक फासा टाकायचा आणि तेवढा आकडा आपल्या बाजूला सरकवायचा. एका फाशाची सरासरी साडेतीन. लागोपाठ तीन विजय म्हणजे साडेदहा. म्हणजे मोहीम तिसऱ्या बैठकीत संपणं हा अपघात नव्हताच, आम्हीच ते नियमात लिहून ठेवलं होतं. त्यात भर म्हणजे आकडा चढला की बंडवाल्यांना नवी माणसं मिळायची आणि उतरला की कंपनीला. पहिली लढाई हरलेला दुसरीला अशक्त होऊन यायचा. एकदा मर्यादा तीसपर्यंत वाढवून पाहिली, तर मोहीम पाचव्या बैठकीपर्यंत लांबली, पण हरणाऱ्याला तिसऱ्यातच कळलेलं असायचं की आपलं संपलं. उरलेल्या दोन बैठका नुसती फरफट.

आकड्यांच्या मुळाशी एक मोठी चूक होती. ती मला नाही, आमच्यातल्या सुभेदार काकांना दिसली. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असल्याने निवृत्त फौजी इथे गल्लोगल्ली आहेत, त्यांतले हे एक. ते वही बघून म्हणाले, "अरे, हा असंतोष कुणाचा म्हणायचा? तू तर तो बंडवाल्याच्या खिशात घातलायस. गाव कुणाच्या खिशात नसतंय की."

तेच खरं. लढाई गडावर होते आणि असंतोष गावात असतो. सामानगड पडला म्हणून नेसरीतल्या माणसाचा शेतसारा कमी झाला नाही. मग त्याचा राग का उतरावा?

गावांना त्यांचा राग परत दिला

नवीन नकाशात सामानगडाच्या आसपासची बारा गावं घेतली: गडहिंग्लज, नूल, भडगाव, नेसरी, संकेश्वरच्या वाटेवरची दोन-तीन, वगैरे. प्रत्येक गावाच्या पुढ्यात एक पणती. पणतीत चिंचोके. तांबडा रंगवलेला चिंचोका म्हणजे धग, काळा तसाच ठेवलेला म्हणजे धास्ती. सगळं मोजमाप एवढंच. आधी मी चार-पाच मोजमापं ठेवली होती, धान्य, निष्ठा, अफवा, काय काय. सगळी काढून टाकली. खेळणाऱ्याच्या डोळ्यांना नकाशावर एका नजरेत दिसलं पाहिजे की कुठलं गाव तापलंय.

महिन्यातून एकदा, म्हणजे आमच्या एका बैठकीत एकदा, प्रत्येक गावासाठी दोन फासे टाकायचे. बेरजेत धग मिळवायची, धास्ती वजा करायची. दहा किंवा वर आलं तर गाव हललं: सारा अडवला, माणसं गडावर पाठवली, किंवा चौकी घेरली. काय केलं ते पुढच्या लढाईचा प्रसंग ठरवतं.

आता मुख्य नियम. कंपनीने गावात जरब बसवली, घरं जाळली, कुणाला फटके दिले, तर दोन काळे चिंचोके आणि एक तांबडा पडतो. काळे दर महिन्याला एकेक उचलायचे. तांबडे आपोआप कधीच उचलायचे नाहीत. गावात चौकी बसलेली असेल तोवर मात्र एक काळा पणतीत कायम राहतो.

हे कसं चालतं ते एका गावावर बघा. नूलमध्ये धग दोन, धास्ती एक, चौकी आहे. गाव हलायला फाशांवर नऊ लागतात. छत्तीसपैकी दहा शक्यता, म्हणजे साधारण २८ टक्के. कंपनीच्या फौजेचा खेळाडू, म्हणजे आमचा कर्नल, याने जरब बसवली. धग तीन, धास्ती तीन. आता दहा लागतात, शक्यता १७ टक्के. कर्नल खूश. पुढच्या महिन्यात धास्ती दोनवर आली, शक्यता परत २८. त्याच्या पुढच्या महिन्यात ४२. आणि तोवर चौकीचे शिपाई दुसरीकडे हवेत म्हणून उठवले असतील तर शेवटचा काळा चिंचोकाही जातो, सात पुरतात, ५८ टक्के. जरब बसवली नसती आणि चौकी तशीच राहिली असती तर गाव २८ वरच राहिलं असतं. एका महिन्याची शांतता कर्नलने पुढच्या महिन्यांच्या भावाने विकत घेतली. हा नियम मी कुणाला समजावून सांगत नाही, पहिल्यांदा खेळणारा तो नूलमध्येच शिकतो.

बातमी पसरण्यासाठी आम्ही आठवडी बाजार वापरतो. गावात जाळपोळ झाली तर त्या गावाची माणसं ज्या बाजाराला जातात, त्या बाजाराच्या बाकी गावांतही एकेक तांबडा. नकाशावर बाजार तीनच आहेत. मामलेदार खेळणाऱ्याला हे लगेच कळलं आणि त्याने पहिल्याच संधीला बाजार बंद केला. त्याने बातमी थांबली, पण धान्य न विकल्याने सगळ्या गावांत धग वाढली. मला तो क्षण फार आवडला. असा पेच मी कागदावर रचला नव्हता.

मोठी लढाई लवकर होऊच नये, यासाठी पाऊस

हा इलाज सगळ्यात सोपा आणि सगळ्यात जास्त कामाचा. मोहीम जुलैत सुरू करा. जुलै आणि ऑगस्टमध्ये तोफा नकाशावर हलत नाहीत. हिरण्यकेशी दुथडी भरलेली, काळ्या रानात चाक आसापर्यंत रुतलेलं. शिपायांची एक छोटी तुकडी एका महिन्यात एकच गाव पुढे जाते. सप्टेंबरपासून वाटा उघडतात. ज्याने या भागातला पाऊस पाहिलाय त्याला हा नियम पटवून द्यावा लागत नाही.

परिणाम असा की पहिल्या दोन बैठकांत मोठी लढाई शक्यच नसते. तेवढ्या वेळात बंडवाल्याला गावं बांधावी लागतात आणि मामलेदाराला सारा गोळा करावा लागतो. फिगर किती लागतात? बाजूला दहा-बारा. दप्तर पळवणं, कैदी सोडवणं, धान्याच्या गाड्या अडवणं. एक प्रसंग दीड तासात होतो आणि संध्याकाळी दोन होतात.

आणि गड पडला की मोहीम संपत नाही, हे नियमात लिहून टाका. आमच्याकडे सामानगड पडला तर बंडवाल्याची उरलेली निम्मी माणसं पुढच्या गडावर निघतात आणि म्होरक्याचा मावळा त्यांच्याबरोबर जातो. हिशोब डिसेंबरच्या शेवटी.

जमावाला कुणाच्या हुकमात ठेवू नका

दुसरी जुनी तक्रार होती की जमाव म्हणजे नुसतं स्वस्त सैन्य व्हायचा. बंडवाला वीस गावकरी पुढे ढकलायचा, तोफेचे गोळे त्यांनी खायचे आणि मागून त्याची चांगली माणसं यायची. मला हे बघवत नव्हतं. इतिहासाच्या नावावर आपण जे मांडतो त्यात गावकऱ्याचा जीव इतका स्वस्त असता कामा नये, असं माझं प्रामाणिक मत आहे.

आता जमाव कुणाचाच नाही. सहा सेंटिमीटरच्या गोल एमडीएफ (दाबलेल्या लाकडी भुशाच्या) बेसवर आठ फिगर, त्यात दोन बायका आणि एक म्हातारा हवाच. त्याच्या तीन अवस्था: कुजबुज, घोळका, उठाव. प्रत्येक फेरीत पंच, म्हणजे कुठल्याच बाजूचा नसलेला, एक फासा टाकतो. एक-दोन आलं तर जमाव जागेवर. तीन-चार आलं तर जवळच्या शिपायांकडे सहा इंच सरकतो. पाच-सहा आलं तर एक अवस्था वर चढतो. उठावाला पोचला की समोर येईल त्याच्यावर तुटून पडतो. गावचा पाटील सहा इंचांच्या आत असेल तर तो बोलून बघू शकतो, चार किंवा वर आलं की जमाव एक अवस्था खाली उतरतो. पाटील ज्याच्याशी चांगला त्याच्या सांगण्यावरून बोलतो, आणि पाटलाला चांगलं ठेवणं हे नकाशावरचं काम आहे.

जमावावर गोळी चालवली तर फासा टाकायचाच नाही. जमाव फुटतोच. पण त्या बाजाराच्या सगळ्या गावांत दोन-दोन तांबडे चिंचोके पडतात.

चौथ्या बैठकीत भडगावच्या कचेरीसमोर हे घडलं. कंपनीकडून सुभेदार काका. कचेरीच्या ओसरीवर त्यांचे दहा शिपाई, आत साऱ्याचं दप्तर. डावीकडून दोन जमाव आलेले, दोन्ही घोळका, उठावाच्या एक पायरी खाली. मागच्या वाटेने चार गडकरी दप्तर उचलायला निघालेले, हे काकांना दिसत होतं. गोळी चालवली असती तर समोरची वाट मोकळी होऊन शिपाई वळवता आले असते. काकांनी हात पुढे केला, बराच वेळ तसाच धरून बसले आणि मागे घेतला. "गोळीचा हुकूम मी देणार नाही. पाटलाला बोलवा." पाटील आला, दोन फेऱ्या बोलत राहिला, एक जमाव बसला. दप्तर गेलं. मामलेदार खेळणारा काकांवर इतका चिडला की पुढचा अर्धा तास दोघे एकाच बाजूचे असून एकमेकांना आपल्या योजना सांगेनात.

एकाच बाजूला दोन हेतू

ते भांडण बघूनच मी पुढचा बदल पक्का केला. आधी बाजू दोन आणि हेतू दोन होते. आता कर्नलला गड हवा, मामलेदाराला सारा हवा. कर्नलने जाळलेल्या गावातून मामलेदाराला काहीच मिळत नाही. तिकडे गडकऱ्यांना आपल्या जमिनीचं वचन हवं, आणि कोल्हापुरातल्या दरबारी माणसाला कारभाऱ्याला हटवायचंय, गडकऱ्यांच्या जमिनीचं त्याला सोयरसुतक नाही. चौघेही डिसेंबरच्या शेवटी वेगवेगळा हिशोब मांडतात. एक जण लढाई हरला तरी त्याचा आपला हिशोब चालू असतो, म्हणून तो पुढच्या रविवारी येतो. चौथी बैठक न होण्याचं खरं कारण हेच होतं की हरलेल्याला मिळवण्यासारखं काही शिल्लक नसायचं.

पंच थकतो

यावर थोडंच लिहितो. बाजूंना एकमेकांचं सगळं दिसत असेल तर बंडाला अर्थ नाही, म्हणून पंच लागतोच. पंच ठेवून खेळण्याची रीत जुनीच आहे. प्रशियाच्या राइसविट्झने आपल्या युद्धखेळाचे नियम बर्लिनमध्ये १८२४ मध्ये छापले, ज्या वर्षी इकडे कित्तूरच्या किल्ल्यासमोर कंपनीचा कलेक्टर थॅकरे मारला गेला. त्यात दोन्ही बाजू पंचाला हुकूम लिहून द्यायच्या आणि पंच त्यांना दिसेल तेवढंच सांगायचा. आम्हीही तेच करतो, पण प्रत्येकाला व्हॉट्सॲपवर तीनच ओळी, शनिवारी रात्री दहाच्या आत. आधी मर्यादा नव्हती तेव्हा एका मित्राने पानभर हुकूम पाठवले होते आणि मी रविवारची सकाळ ते वाचण्यात घालवली. तीन ओळींत न मावणारी योजना १८४४ मध्येही जासुदाच्या तोंडून नीट पोचली नसती. उशीर झाला तर त्या बाजूचा मागच्या महिन्याचा हुकूम चालू राहतो.

गैरहजेरीचंही तसंच. लग्नसराई, जत्रा, पाहुणे, कुणीतरी राहतंच. भूमिका माणसाच्या नावावर न ठेवता पाकिटात ठेवा: हेतू, माहीत असलेल्या गोष्टी, शिल्लक माणसं. जो येईल तो पाकीट उचलतो. नूलच्या पाटलाची भूमिका आतापर्यंत तिघांनी केली आहे.

हे सगळं करूनही मोहीम लवकर आटोपत असेल तर आधी तांबड्या चिंचोक्यांची सुरुवात बघा. आम्ही पहिल्यांदा प्रत्येक गावात दोन ठेवले होते आणि ऑगस्टमध्येच सात गावं हलली. आता फक्त चार गावांत दोन, बाकीच्यांत एक. उलट अडचण असेल, गावं हलतच नसतील, तर हलण्याचा आकडा दहाचा नऊ करा, पण दोन फासे सोडून एक घेऊ नका. एका फाशावर सहाही आकडे सारख्याच वेळा येतात, एका चिंचोक्याने गाव एकदम उडतं किंवा काहीच होत नाही. दोन फाशांत मधले आकडे जास्त येतात आणि धग हळूहळू चढलेली जाणवते.

आमच्याकडे ही बैठक ऑक्टोबरला धरून चालली आहे. पावसाचे महिने जास्त बैठका लांबवल्याने नवव्या बैठकीतही नकाशावर ऑक्टोबरच आहे आणि आम्ही इतिहासापेक्षा मागे आहोत, सामानगड अजून पडलेला नाही. तोफा गडहिंग्लजला पोचल्या आहेत. नूलच्या पणतीत चार तांबडे आणि एकच काळा आहे, आणि तिथली चौकी उठवायची की ठेवायची यावर कर्नल आणि मामलेदाराचे हुकूम शनिवारी रात्री यायचे आहेत.